पावसाची बेगमी

मोबाईल इथेच ठेवा. चार्जर, घड्याळ, बूट, सगळं इथेच. डोक्याला टोपी मात्र हवी. जिथे चाललोय तिथे उघड्या डोक्याने कुणी घराबाहेर पडत नाही. बाई असाल तर काष्टा घट्ट खोचून घ्या, दिवसभर उभं राहायचं आहे. आठ-दहा आण्यांची चिल्लर कनवटीला लावा. आता डोळे मिटा.

उघडा. १९११ सालचा वैशाख आहे आणि तुम्ही परळच्या एका चाळीच्या सज्जात आडवे आहात.

कुशीवर वळायलाही जागा नाही. साताऱ्याकडच्या एकाच गावच्या पंधरा-वीस जणांनी मिळून मागचा गाळा भाड्याने घेतलाय. आत ट्रंका, वळकट्या आणि चूल. माणसं झोपतात ती सज्जात, जिन्यात, खाली रस्त्यावर. डावीकडे कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत रुतलंय. उजवीकडे भिंत आहे आणि भिंतीतून ढेकूण निघालेत. हवा हलत नाही. नाकात आधी गटार शिरतं, मग रॉकेल, मग काल रात्री भाजलेलं सुकट, आणि या सगळ्यांवर पसरलेला एक जाड, कडवट वास घशात उतरून बसतो. तो दगडी कोळशाचा. पांघरुणावरून बोट फिरवून बघा. काळं झालं ना? कठड्यावर, वाळत घातलेल्या धोतरावर, पाण्याच्या पिंपावर, सगळीकडे तीच काजळी. हाकेच्या अंतरावर एका गिरणीचं धुराडं आहे, त्यामागे दुसऱ्या गिरणीचं, त्यामागे तिसऱ्या.

भोंगा वाजतो. एक थांबतो न थांबतो तोच दुसरा, मग लांबून तिसरा. सज्जातली रांगच्या रांग उठून बसते, खोकते, खाकरते, नळाकडे धावते. तुम्हीही धावा. रांगेत उभं राहिल्यावर शेजारचा विचारतो, "पाव्हणं नवीन दिसत्यात. कुठल्या गावचं?" गाव कुठलंही सांगा, तो त्याच्या जवळपासचा एखादा पाहुणा काढणारच. खानावळवाल्या बाईंनी पहाटेच भाकऱ्या थापल्यात. भाकरी, लसणाची चटणी, फडक्यात बांधून घ्या आणि निघा.

गिरणीच्या फाटकापाशी बदलीवाल्यांची, गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल म्हणून थांबलेल्यांची, गर्दी आहे. जॉबर, म्हणजे माणसं भरणारा मुकादम, एकेकाला वरपासून खालपर्यंत पाहतो. "साचे चालवलेत का रे कधी?" हो म्हणा. नाही म्हटलंत तर उद्या ये म्हणेल, आणि तो उद्या फार लांबचा असतो.

साचेखात्यात पाऊल टाकताच पहिली गोष्ट घडते ती म्हणजे तुमचे कान जातात. शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालताहेत. शेजारचा माणूस तोंड उघडतो, ओठ हलतात, आवाज नाही. इथे सगळे खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. दुसरी गोष्ट, श्वास. बाहेर वैशाख पेटलाय आणि आत खिडक्या बंद आहेत, वर वाफ सोडली जातेय. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून हवा ओली ठेवायची. सुताची सोय आधी, माणसाची नंतर. बंडी पाच मिनिटांत अंगाला चिकटते, त्यावर रुईचे तंतू बसतात, आणि सुताला लावलेल्या खळीचा आंबूस, चरबट वास डोक्यात भिनतो. वर बघा. छताखालून एक लांबच लांब लोखंडी दांडा फिरतोय आणि त्यावरून प्रत्येक साच्यावर चामड्याचा पट्टा उतरलाय. सगळी गिरणी त्या एका दांड्याला बांधलेली. धोतराचा सोगा आत खोचा. पट्टा माणूस बघत नाही.

हा धोटा हातात घ्या. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, मधला भाग हातांनी घासून गुळगुळीत झालेला. आतल्या कांडीवरचं सूत संपलं की नवी कांडी घालायची आणि धाग्याचं टोक या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. सुई नाही, तार नाही. भोकाला ओठ लावायचे आणि जोरात ओढून घ्यायचं. ओढा. तोंडात धागा येतो, त्याच्याबरोबर कापसाची धूळ, तेल आणि आधीच्या माणसाच्या तंबाखूची चव. तुमच्या आधी कितीजणांनी इथेच तोंड लावलंय. आणि याच कारणाने या खात्यात अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या माणसांना घेत नाहीत. साचेखात्यात पगार जास्त. ते दार त्यांना बंद. एका भोकावर एवढं सगळं अडलेलं आहे.

दुपारनंतर पाय सुजतात. संध्याकाळ होते तसे दिवे लागतात, गिरणीच्या स्वतःच्या डायनामोवरचे. दिव्यांचं तुम्हाला कौतुक वाटू शकतं, कामगारांना नाही वाटत. दिवे आले तेव्हापासून मावळतीला काम थांबवायचं कारणच उरलं नाही आणि तेरा-चौदा तासांचे दिवस सुरू झाले. कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा याच वर्षी होतोय, पण तो अजून फाटकाच्या आत आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगाला चला, बॉयलरकडे. हे नीट पाहायला हवं, कारण आपण ज्यासाठी निघालोत ते इथून सुरू होतं.

आगवाला पहाटे तीनलाच आलाय. उघडाबंब, कमरेला पंचा, अंगावर घामाचे पांढरे ओघळ आणि त्यांच्यामध्ये काळी काजळी. भट्टीचं दार उघडताच तुमच्या भुवया करपल्याचा वास येतो आणि तुम्ही दोन पावलं मागे सरता. तो सरत नाही. फावडं भरतो, फेकतो, दार लावतो, काट्याकडे बघतो. पाणी तापून वाफेचा दाब चढायला तासन् तास लागतात, म्हणून त्याची पहाट रात्रीतच होते. दाब पडला तर वरचा दांडा मंदावतो, साचे मंदावतात, सूत तुटतं, आणि शिव्या थेट त्याच्यापर्यंत येतात.

त्याच्यामागे कोळशाचा ढीग आहे. हा कोळसा बंगालहून आलाय, अर्धा देश ओलांडून. महाग पडतो, गिरणीमालक कुरकुरतात. पण त्याचा एक गुण असा की तो साठलेलाच येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन झाडांनी शोषलं, ती झाडं जमिनीखाली गाडली गेली आणि त्याचा हा ढीग झाला. पाहिजे तेव्हा फावडं मारा. ज्याच्या अंगणात असा ढीग आहे त्याला ऊर्जा साठवायची कशी, हा प्रश्न पडतच नाही. आज आपण सूर्य आणि वाऱ्यापासून वीज करतो आणि मग डोकं खाजवतो की रात्री काय? बॅटऱ्या, पंप, पाणी, मीठ, कशात साठवायची? हा प्रश्न नवा वाटतो. मुंबईने तो शंभर वर्षांपूर्वी एकदा सोडवलाय, आणि त्यासाठी आपल्याला आता गाडी पकडायची आहे.

बोरीबंदर. तिसरा वर्ग. महिना बदलून घ्या, आषाढ करा.

कर्जतपर्यंत सगळं सोपं. तिथे मागून आणखी इंजिन लागतं आणि गाडी बोरघाटाला भिडते. बोगद्यात शिरताना खिडकी ओढून घ्या, नाहीतर डबा धुराने भरतो. ओढली तरी भरतोच. सगळे एकदम खोकतात, एखादं पोर रडायला लागतं, अंधारात कुणीतरी देवाचं नाव घेतं, आणि मग उजेड, पाऊस, हिरवा कडा आणि कड्यावरून कोसळणारं पाणी. मध्येच गाडी एका आंधळ्या टोकाला जाऊन थांबते. पुढे रस्ताच नाही. इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला जाऊन जोडलं जातं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढायला लागते. घाबरू नका, रोज असंच करतात.

लोणावळ्याला उतरलात की छत्रीचा विचार सोडून द्या. इथला पाऊस आडवा येतो. इरलं मिळालं तर बघा. कपाळावर, मानेवर, पापण्यांवर पाणी; दोन हातांवरचा माणूस धूसर. वर्षाला साधारण चार ते साडेचार हजार मिलिमीटर पाऊस या माथ्यावर पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पुढचे आठ महिने आकाश कोरडं. परळमधल्या तुमच्या खानावळवाल्या बाई वैशाखात भाकऱ्या थापून झाल्यावर काय करत होत्या, माहीत आहे? पावसाळ्याची बेगमी. सरपण, सुकट, पापड, मिरच्या, सगळं डब्यांत, मडक्यांत भरून ठेवत होत्या, चार ओले महिने निघावेत म्हणून. इथे उलटी बेगमी करायची होती. चार महिन्यांचा पाऊस भरून ठेवायचा आणि आठ कोरडे महिने काढायचे.

हे सुचलेल्यांपैकी एक डेव्हिड गॉस्टलिंग, मुंबईतले वास्तुविशारद. त्यांचं म्हणणं जमशेटजी टाटांनी मनावर घेतलं. १९०४ मध्ये जमशेटजी गेले; काम त्यांच्यामागे मुलाने, दोराबजींनी, पुढे नेलं. १९१० मध्ये कंपनी झाली आणि १९११ च्या फेब्रुवारीत इथे पायाचा दगड बसला. तुम्ही परळला धोटा ओढत होतात तेव्हा त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

आता थंडीत या. पावसात इथे बांधकाम होत नाही.

वळवणच्या भिंतीवर चढा. दव पडलंय, पायाखाली दगडाचा चुरा बोचतो. छिन्न्यांचा आवाज इतका अखंड आहे की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो. पाथरवट उकिडवे बसून दगड घडवताहेत, अंगावर पांढरी धूळ, डोळ्यांच्या कडा लाल. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहताहेत. एका बाजूला चुन्याचा घाणा: जमिनीत गोल चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाक ओढणारे बैल. चुना, वाळू आणि विटांची भुकटी ओली करून मळली जाते. हात घालू नका, चुना कातडी खातो; घालणाऱ्यांच्या बोटांना भेगा पडल्यात, त्यांत ते संध्याकाळी तेल भरतात. मुकादम ओरडतो. एका तान्ह्याची झोळी झाडाला टांगलीय आणि तिच्या दोरीचं टोक मोठ्या बहिणीच्या पायाला बांधलंय. ती खडी फोडताफोडता पाय हलवते.

अशी तीन तळी होणार: लोणावळा, वळवण, शिरवता. यांतलं पाणी मुळात पूर्वेला वाहणारं. इंद्रायणीतून देहू, आळंदी करत भीमेला, पंढरपूरला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. या भिंतींनी ते अडवलं, कालव्यांनी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणलं आणि पश्चिमेला खाली सोडलं. आळंदीला जाणारा थेंब आता पाताळगंगेतून अरबी समुद्राला जातो. माणसाने नदीचं तोंड फिरवायचं ठरवलं, तेही बैलांच्या घाण्यावर मळलेल्या चुन्याने. मला यातल्या इंजिनीयरांइतकाच त्या चुन्याच्या हातांचा अचंबा वाटतो, आणि त्यांची नावं कुठल्याही शिळेवर नाहीत.

१९१५ चा फेब्रुवारी, खोपोली. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन उद्घाटन करून गेलेत, मांडव उतरलेत, आता आपल्याला निवांत पाहता येईल.

घाटाच्या पायथ्याशी उभे राहा आणि मान वर करा. पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून लोखंडी नळ कड्याला चिकटून सरळ खाली येतात. जवळ जाऊन नळाला तळहात लावा. बाहेर ऊन आहे तरी नळ गार, त्याला घाम फुटलाय, आणि आत काहीतरी थरथरतंय. ती थरथर मनगटातून कोपरापर्यंत येते. आत गेल्या वर्षीचा आषाढ आहे.

पॉवर हाऊसमध्ये वाफ नाही, धूर नाही, राख नाही. तेलाचा, गरम तांब्याचा वास आणि पायाखाली जमिनीतून येणारं गुंजन. नळाच्या तोंडाला एक निमुळती तोटी, तिच्यातून सुटणारी धार. एवढ्या उंचीचं पाणी तिथून ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतं. ती धार चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते, चाक फिरतं, चाकाच्या आसावर जनित्र. एक माणूस झडपेचं चाक फिरवतो, काट्याकडे बघतो. काही मिनिटांत यंत्र पूर्ण वेगात. आठवा तो परळचा आगवाला, पहाटे तीनला उठून दाब चढायची वाट बघणारा. इथे दाब कड्यावर तयार बसलेला आहे, रात्रंदिवस, एक ढलपी न जाळता.

थोडा हिशोब करू, कारण पुढे तो लागणार आहे. हजार लिटर पाणी पाचशे मीटरवरून सोडलं तर यंत्रातली घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घरासाठी असं ऐंशी हजार लिटर पाणी कड्यावरून सोडावं लागेल. पाण्यात ऊर्जा भरपूर असते हा समज इथे गळून पडतो. पाण्यात ती थोडीच असते. म्हणून तळी एवढी मोठी लागतात, आणि म्हणून जमीन एवढी बुडते.

इथून तारा निघतात, सत्तरेक किलोमीटर, एक लाख व्होल्टच्या, थेट परळपर्यंत. गिरणीत फेरी मारायचीच तर पटकन मारू. मोटारी बसल्यात, वेग एकसारखा राहतो, सूत कमी तुटतं, काही धुराडी थंड आहेत. चाळीतल्या कठड्यावरची काजळी जरा कमी झालीय. धोटा मात्र तसाच, भोकाला तोंड लावूनच ओढायचा.

मुंबईची भूक वाढली. आंध्र खोऱ्यात ठोकळवाडीचं धरण झालं, त्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचं पॉवर हाऊस सुरू झालं. मग नजर मुळशीवर गेली, आणि इथे मला तुम्हाला थोडं जास्त वेळ थांबवायचं आहे.

१९२० चा मार्गशीर्ष, मुळशी खोरं. पहाटे खाचरांवर धुकं आहे, धुक्यातून भाताच्या पेंढ्याचा गोड वास येतोय. हा आंबेमोहोर. खळ्यावर बैलांची पात चाललीय, बैलांच्या तोंडाला मुसकी, पोरं मागे हाकारे घालताहेत. तुम्ही कडेला उभे राहिलात की घोंगडी पांघरलेली म्हातारी हाक मारते, "उभा का रं? बस की. भात शिजलाय, खाऊन जा." नवा भात, जरा चिकट, वाफाळता, झाकण काढताच सगळं घर आंब्याच्या मोहोरासारखं घमघमतं. सोबत कुळथाचं पिठलं आणि मीठ. बोटं भाजतात, तरी थांबवत नाही.

जेवताना म्हातारी विचारते, "तुमी शहरातलं. पानी कुठवर यील, म्हाईत हाय का?" शेतात खुंट्या ठोकल्यात. कुणी विचारून ठोकल्या नाहीत. तिचं घर खुंटीच्या खालच्या बाजूला आहे, देऊळ खालच्या बाजूला आहे, खळं खालच्या बाजूला आहे. तुम्हाला उत्तर माहीत आहे, तुम्ही पुढच्या काळातून आलात. तिच्या समोर बसून, तिचाच भात तोंडात असताना ते सांगून बघा.

पुढच्याच वर्षी मावळे सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट इथल्याच लढ्यात सेनापती झाले. बायका, पोरं बांधकामाच्या जागेवर जाऊन आडवी पडली. धरण झालं, १९२७ मध्ये भिऱ्याचं पॉवर हाऊस सुरू झालं, पन्नासेक गावं पाण्याखाली किंवा पाण्यामुळे गेली. परळचा पट्टा फिरला तो त्या खळ्यावरून. साठवणुकीची किंमत युनिटमागे आण्यांत लिहिली गेली, तेव्हा हे घर त्या हिशोबात धरलं गेलं नव्हतं. आज कुणी मला नव्या धरणाची, नव्या प्रकल्पाची आकडेमोड दाखवली की मी आधी म्हातारीची खुंटी शोधतो.

आता मोठी उडी. विसाव्या शतकाचा शेवट, भिरा, रात्रीचे दोन.

जुन्या पॉवर हाऊसशेजारी दीडशे मेगावॅटचं नवं यंत्र आहे. कानात कापसाचे बोळे घाला. संध्याकाळी दादरला, अंधेरीला दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागले तेव्हा याने मुळशीचं पाणी घेऊन वीज दिली. आता मुंबई झोपलीय. पण ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राचे बॉयलर रात्रीपुरते विझवून सकाळी पेटवता येत नाहीत, ते धुमसत राहतात आणि त्यांची वीज उतू जाते. म्हणून यंत्र थांबवलंय. जमिनीची थरथर विरते. मग ती पुन्हा सुरू होते, वेगळ्या सुरात, आणि नीट पाहिलंत तर आस उलट्या दिशेने फिरतोय. जी चक्की पाण्याने फिरत होती ती आता पाणी वर ढकलतेय, खालच्या तळ्यातून मुळशीत. चार युनिट खर्चून साधारण तीन परत मिळतात. एक वाया जातं, पण उतू जाणाऱ्या चारांतलं.

असंच घाटघरला, अडीचशे मेगावॅटचं. आणि असं पुरेसं नव्हतं तेव्हा काय व्हायचं ते पाहायला एकच थांबा घ्या: लोडशेडिंगच्या दिवसांतली मराठवाड्यातली पौषाची रात्र. शेतीपंपाची वीज रात्री अकराला येणार. तुम्ही ज्वारीच्या फडात उभे आहात, कानाला मफलर, हातात टॉर्च, पायात चिखल, दात कडकडताहेत. शेजारी सळसळ झाली. वारा असेल. स्टार्टरचं हिरवं बटण दाबा, पंपाने पाणी धरलं. आता पहाटेपर्यंत दारं मोडत बसा, एक वाफा भरला की दुसरा. विंचूकाटा, साप, काही ठिकाणी बिबट्या. ग्रिडला वीज साठवता येत नव्हती म्हणून शेतकऱ्याने झोप मोडली. शहरात त्याच वेळी घराघरांत इन्व्हर्टर आले, महिन्याला बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतणारे आपण सगळे. ज्याला परवडलं त्याने बॅटरी घेतली, ज्याला नाही तो जागला.

म्हणूनच आजच्या बदलाने मला मनापासून आनंद होतो. दुपारी बाराला पॅनेलांवर ऊन तळपतं आणि शेतीचे फीडर सौरऊर्जेवर आणले जाताहेत, म्हणजे दारं दिवसा मोडता येतात. ती साठवणूकच आहे. वीज साठवण्याऐवजी काम उजेडात आणलं, आणि पाणी जमिनीत जाऊन बसलं. उरलेल्या दुपारच्या विजेला जागा हवी, कारण सातला सूर्य नसतो आणि तेव्हाच घराघरांत दिवे, मिक्सर, एसी लागतात. लिथियमच्या बॅटऱ्या क्षणार्धात धावून येतात आणि साधारण दोन-चार तास पुरतात. त्याहून लांबचा पल्ला असेल तर पुन्हा घाट आठवतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारबरोबर पाणी वर चढवून साठवणाऱ्या दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला: भिवपुरीला हजार मेगावॅट आणि शिरवत्याला अठराशे. तेच शिरवतं, ज्याची बेगमी पाहायला तुम्ही आषाढात भिजला होतात. तेव्हा त्याने चार महिन्यांचा पाऊस आठ महिन्यांसाठी धरला; आता दुपारचं ऊन रात्रीसाठी धरायला सांगताहेत.

परत येण्याआधी कोलाडला उतरा, सकाळी. कुंडलिकेच्या काठावर रबरी होड्या फुगवून ठेवल्यात, आणि हेल्मेट घातलेले पोरगे नदीकडे बघत उभे आहेत, कारण नदीत पाणीच नाही. इथल्या नदीत भिऱ्याहून पाणी सोडावं लागतं. मुळेचं पाणी हे, पुण्यातून वाहायचं होतं. रात्री-संध्याकाळी विजेची गरज बदलली की यांच्याही सकाळची वेळ बदलणार. साठवणुकीच्या नव्या वेळापत्रकात या काठाचंही कुणीतरी ऐकायला हवं. तोवर पट्टा आवळा, वल्हं दोन्ही हातांनी धरा. "आलं, आलं!" कुणीतरी वरच्या वळणावरून ओरडतं. खडक बुडतात, होडी उचलली जाते, मागचा पोरगा गळ्याच्या शिरा ताणून सांगतो, "मारा वल्हं, जोरात!" आणि पहिलीच लाट तुमच्या तोंडावर फुटते.